सखानाना परीट, खाजगी गुप्तहेर

आमच्या लोणावळ्यात भर मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, पोटऱ्यांपर्यंत येणारा काळा लोकरी ओव्हरकोट घालून, कॉलर कानांवर ओढून कुणी माणूस भिंतीला पाठ घासत चाललेला दिसला, तर नवख्याला वाटे, बिचाऱ्याला हिवताप भरलाय. आम्ही गावकरी मात्र वळूनही बघत नसू. तो सखानाना परीट असायचा आणि कुणाच्या तरी पाळतीवर असायचा.

कोट त्याचा नव्हता, हे सांगायला नकोच. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवेत एवढी ओल असते की लोणच्याच्या आधी माणसाच्या कोटाला बुरशी येते. म्हणून बंगलेवाले आपले लोकरी कपडे सखानानाच्या भट्टीच्या उबेला टांगायला पाठवत. त्यातला हा एका पारशी शेटचा. गेल्या पावसाळ्यात आलेला, अजून परत गेलेला नव्हता. एकदा शेट स्वतःच मुंबईहून उतरले आणि स्टेशनाबाहेर त्यांना आपला कोट समोरून चालत येताना दिसला.

"सखाराम! अरे, हा कोट तर माझा हाय!"

दुसरा असता तर भुईत गडप झाला असता. सखानाना म्हणाला, "व्हय शेट, तुमचाच. गावात चोऱ्या लय वाढल्यात. कोट खुंटीवर ऱ्हायला तर कुनीबी न्हेईल. अंगात आसला तर जाऊन जाऊन जाईल कुटं?"

शेट पोट धरधरून हसले आणि कोट दिवाळीपर्यंत त्याच्याकडेच राहू दिला. मी असतो तर सखानानाला चावडीवर नेला असता. पण शेट मोठ्या मनाचे पडले आणि मी पडलो शाळामास्तर.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते लढाईच्या दिवसांत. गोरे शिपाई हवा खायला लोणावळा-खंडाळ्याला येत आणि त्यांचे कपडे सखानानाच्या भट्टीवर. त्या गाठोड्यांत कधी खिशात कोंबलेली, कधी बुटांना गुंडाळलेली इंग्रजी चित्रांची पुस्तकं निघत. पानभर चौकोन, चौकोनात रंगीत माणसं आणि त्यांच्या तोंडातून निघालेले पांढरे फुगे. त्यात मिस्टर पिमटन नावाचा एक खाजगी गुप्तहेर होता. लांब कोट, तोंडात पाईप, भुवया सदा वर. दहा पानं पोलीस धावत असत आणि अकराव्या पानावर चोर पिमटनला सापडे. बस्स! वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आमच्या सखानानाला गुरू भेटला.

त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरं म्हणाल तर बिब्ब्याच्या खुणा. धुण्याचे कपडे ओळखू यावेत म्हणून परीट कोपऱ्यात बिब्ब्याच्या काळ्या रसाने खूण करतो, तशा शे-दीडशे घरांच्या खुणा त्याला तोंडपाठ होत्या. आमची खूण दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. पण इंग्रजी म्हणजे त्याला काळ्या मुंग्या. म्हणून दर रविवारी तो पुस्तक घेऊन माझ्याकडे येई आणि मी त्याला वाचून, मराठी करून सांगे. बदल्यात माझ्या धोतरांना खास कडक खळ. इतकी कडक की धोतर नेसावं लागत नसे, त्यात शिरावं लागे.

पहिल्याच रविवारी त्याने मला विचारलं, "मास्तर, ह्या फुग्याची शेपटी नीट हाय. ह्याची तुटकी का?"

खरंच, काही फुग्यांना खाली टोक होतं आणि काहींखाली नुसते गोल गोल ठिपके. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मला ठावं हाय. शेपटी नीट आसली की मानूस खरं बोलतोय. तुटकी आसली की खोटं."

"नाना, तसं नाही हो. तो माणूस बोलतच नाहीये. ते त्याच्या मनातलं आहे."

सखानानाने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मग कपाळाला हात लावला. "मनातलं हितं लिवलंय? मंग पिमटनसायबाचं काय कौतुक? त्येला समदं दिसतंय!"

"अहो, ते त्याला दिसत नाही. आपल्याला दिसतं. वाचणाऱ्याला."

"म्हंजी त्येलाबी दिसत न्हाई? तरी चोर धरतोय?" त्याने पुस्तक मिटलं. "आरारारा! लयच अवघड काम हाय मास्तर."

मी इतकं समजावलं, पण तुटकी शेपटी त्याच्या डोक्यातून काही निघाली नाही. कुणी बोलता बोलता अडखळला की सखानाना त्याच्या डोक्यावर दोन वीत रिकाम्या हवेकडे टक लावून बघे. तलाठ्याला तर वाटलं, आपल्याला भूत लागलंय. त्याने मारुतीला नारळ फोडला.

कुठल्याशा गोऱ्याच्या खिशात निघालेला रिकामा पाईप सखानानाही तोंडात धरून हिंडे. पिमटनच्या खिशात टिपणवही असे. सखानाना उपरण्याला गाठ मारायचा. काही संशयास्पद दिसलं की "नोंद झाली" म्हणून एक गाठ. संध्याकाळपर्यंत उपरण्याची दोरी झालेली असे आणि कुठली गाठ कशाची, हे शोधायला दुसरा गुप्तहेर लागला असता. पोस्टमास्तरांची टोपी हरवली तेव्हा त्याने तीन दिवस गावातल्या प्रत्येक डोक्यावर नजर ठेवली. एका बोकडालाही सोडलं नाही. चौथ्या दिवशी टोपी त्याच्याच भट्टीत, पोस्टमास्तरांच्याच धुण्यात सापडली. "चोर न्हाई घावला," तो गंभीरपणे म्हणाला, "पर मुद्देमाल घावला." आणि धुतलेली, इस्त्री केलेली टोपी दोन्ही हातांनी पोस्टमास्तरांना अर्पण केली.

पण एक गोष्ट कबूल करतो. कोट, पाईप, गाठी हा सगळा पोरखेळ. माणूस मात्र त्याला कपड्यांतून कळे. "मास्तर, बेस्तरवारी वर्गात झोपला व्हता का?" असं त्याने मला भर बाजारात विचारलं होतं. बाहीवर टेबलावरच्या शाईचं वर्तुळ उमटलं होतं म्हणे. मी पुढे महिनाभर बाह्या दुमडून शिकवत होतो.

आता मूळ गोष्टीवर येतो. माझी धाकटी बहीण कुसुम. वडील गेलेले, घरात आई, ती आणि मी. वर्षभरात तीन स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि पुढे काही कळवलं नाही. आईने देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते. अशात तळेगावचं स्थळ आलं. मुलगा वसंत, इथेच विजेच्या कचेरीत कारकून, बाजारात एक खोली घेऊन एकटा राहणारा. हुंडा नको म्हणाले, मुलीच्या हातचं चहाचं पाणीसुद्धा गोड मानून घेतलं. ते लोक गेल्यावर कुसुम भांडी घासताना गुणगुणायला लागली. वर्षात पहिल्यांदा. ते ऐकून मी मनाशी ठरवलं, हे लग्न झालंच पाहिजे. कुणी यात नाक खुपसता कामा नये.

नाक खुपसणारा तर पोह्यांच्या वेळेलाच हजर होता. आमचे कपडे धुवायला गेलेच नव्हते, तरी "इस्त्रीची कापडं आनली" म्हणत सखानाना ओव्हरकोट घालून दारात येऊन बसला होता. आईने वसंताला विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई, वडील, दादा-वहिनी... आणि..." वसंताने वडिलांकडे पाहिलं, मग बशीत पाहिलं. "एवढेच."

पाहुणे जाताच सखानानाने मला कोपऱ्यात ओढलं. "मास्तर, पाव्हन्याच्या डोस्क्यावर तुटक्या शेपटीचा फुगा व्हता. केवढा तरी!"

मी असा भडकलो की सांगता सोय नाही. "नाना, माझ्या बहिणीचं लग्न आहे, पिमटनचं पुस्तक नव्हे. ही नसती उठाठेव करू नका. हात जोडतो."

"नोंद झाली," तो म्हणाला आणि उपरण्याला गाठ मारली.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत तो शाळेमागे आला. या वेळी तोंडात पाईप नव्हता. त्याने एक लहान गाठोडं सोडलं. "वसंतरावाचं धुनं. दोन सदरं, दोन धोतरं, एक पंचा. आन् ह्ये बगा."

एक जुनेर लुगडं. आणि त्याच्या घडीत एक झबलं आणि टोपडं.

"तीन आठवडं झालं, दर खेपेला येतंय. बिब्ब्याची खून त्येच्याच घरची."

"त्याच्या आईचं असेल," मी म्हणालो.

"आई तळेगावात. आन् आईला टोपडं कशाला, मास्तर?"

एकटा राहणारा पुरुष, लुगडं आणि झबलं! पुढचं काही मनात आणायचीही लाज वाटली. घरी कुसुम गुणगुणत असणार, आई रुखवताचं बोलत असणार. मी, त्या गुप्तहेरीची रोज टिंगल करणारा शहाणा मास्तर, सखानानाला म्हणालो, "नाना, काय ते शोधून काढा. पण आईला, कुसुमला कळू देऊ नका."

त्याने आधी भट्टीवर नेऊन मला एका पालथ्या घंगाळावर बसवलं. पिमटनसाहेब गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खुर्ची देतो म्हणे. मग म्हणाला, "आयतवारी दुपारी त्यो भुशीच्या वाटेनं जातोय. पिशवी घेऊन. तुमीबी चला. पर ह्या सदऱ्यात नगं, वळखू याल." आणि कुठल्याशा हॉटेलचा एक रेनकोट त्याने माझ्या अंगावर चढवला. बाह्या माझ्या बोटांखाली लोंबत होत्या.

तर असे आम्ही दोघे, कोरड्या ठणठणीत दुपारी, एक ओव्हरकोटात आणि एक रेनकोटात, भुशीच्या वाटेने निघालो. पुढे वसंत, हातात पिशवी. तो थांबला की सखानाना झाडाआड. झाड कसलं, करवंदीची जाळी! कोट दोन्ही बाजूंनी बाहेर. वसंताने दोनदा मागे पाहिलं आणि तो चालत राहिला. तिसऱ्यांदा मात्र तो वळला आणि हाक मारली, "सखानाना, मास्तर, पुढे ओढ्याचे दगड निसरडे आहेत. जपून या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सखानाना जाळीतून बाहेर आला, काटे काढत म्हणाला, "चला मास्तर. बोलावलंय तर जाऊ."

भुशीच्या अलीकडे एका म्हातारीचं कौलारू घर होतं, त्याच्या पडवीत एक खोली. वसंताने हाक मारली, "माई!" पंचविशीची एक बाई बाहेर आली, कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी. आम्हाला बघून तिने पटकन डाव्या हातावर पदर ओढला. पण त्याआधी दिसायचं ते दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने व्रण.

"ही माझी थोरली बहीण," वसंत म्हणाला. "नवऱ्याच्या घरून निघून आली. तळेगावला वडिलांनी दार उघडलं नाही. आता इथे असते. तुम्हाला सांगायचं होतं, मास्तर. वडिलांनी शपथ घातली, हिचं नाव काढलंस तर लग्न मोडेल. त्या दिवशी तुमच्याकडे दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो, लपवत नाही. सुटलो असं आधी वाटलं, की भलतंसलतं काही नाही. आणि लगेच संताप आला. आम्हाला अंधारात ठेवलं! टाकलेली बहीण, तिचं पोर, उद्या हे सगळं माझ्या कुसुमच्या गळ्यात. लोक काय म्हणतील? "तुम्ही फसवलंत आम्हाला," एवढं म्हणून मी पाठ फिरवली. सखानाना तर केव्हाच अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला होता, खोलीकडे पाठ करून.

परतीच्या वाटेवर माझी टकळी चालू होती. हे स्थळ मोडलं, उद्याच निरोप धाडतो, बरं झालं वेळेत कळलं, नाना, तुमचे उपकार झाले. सखानाना ऐकत होता. ओढा ओलांडल्यावर तो एका दगडावर टेकला.

"मास्तर, ह्ये स्थळ सोडू नगा."

"काय बोलताय नाना? तुम्हीच तर शोधून काढलंत!"

"व्हय. शोधलं म्हनून सांगतोय." तो ओढ्याकडे बघत बोलत होता. "माझी लेक व्हती. हौसा. तुमाला ठावं न्हाई, तुमी नंतर आला हितं. पवन मावळात दिलती. दिवाळीला म्हायेरी आली. म्हनली, बा, माझं लुगडं तेवढं धुऊन दे. म्या घाटावर न्हेलं, उलगडलं. पाठीवर रगताचा डाग. एक न्हाई, तीन. येक ताजा, दोन जुनं."

मीही समोरच्या दगडावर टेकलो.

"म्या परीट, मास्तर. डाग कशाचा, किती दिसाचा, मला इचारावं लागत न्हाई. समदं कळलं. पर लोक काय म्हनतील, पोरगी टाकली म्हनतील, ह्याचंच भ्या. तिला येका शब्दानं इचारलं न्हाई. डाग काढला. लय घासला. नव्यावानी क्येलं लुगडं, घडी घातली, आन् त्येच नेसवून तिला परत लावून दिली. जाताना दोनदा मागं वळली. बा, जाऊ ना, म्हनली. म्या म्हनलं, जा."

"मग?"

"मंग काय. संक्रांतीला सांगावा आला. इहिरीत पाय घसरला म्हनं."

ओढ्यावर कुणी बाई कपडे आपटत होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "त्यो पिमटन बगा, परक्याच्या खुनाचा पुरावा शोधत दारोदार फिरतोय. माझ्या हातात व्हता. म्याच धुतला." मग उपरण्याने तोंड पुसलं. "ह्या पोरानं भनीला दार उघडलं, मास्तर. बाप न्हाई म्हनत असताना उघडलं. त्यो बायकूला दाराभायेर काढायचा न्हाई. माझ्यावर इस्वास ठेवा."

मला स्वतःची लाज वाटली. माईच्या हाताचे व्रण मी पाहिले होते आणि तिला दुखलं असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं ते लोक काय म्हणतील.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. लुगडं, झबलं, माई, हौसा, काही ठेवलं नाही. कुसुम दाराआडून ऐकत होती, तिला कुणी हटकलं नाही. आई भाजी निवडत होती. निवडून झाली, देठं गोळा केली, तेव्हा म्हणाली, "त्याच्या बहिणीचं नाव काय म्हणालास?"

"माई."

"तळेगावला निरोप धाड. म्हणावं, वसंताची बहीण मानाने पुढे असेल तर साखरपुडा. नसेल तर आम्हालाही घाई नाही."

दाराआडून कुसुम म्हणाली, "मीही हेच म्हणणार होते."

तळेगावकरांनी आठवडाभर कुरकुर केली. पण वसंत अडून बसला, आणि मुलगा अडला की बाप नमतो. साखरपुड्याला माईच्या हातून कुसुमची ओटी भरली. तिची लहानगी सगळ्यांच्या पायांत घोळत होती. वसंताचे वडील तोंड फिरवून बसले होते, पण जेवणाच्या वेळी नात त्यांच्याच मांडीवर जाऊन बसली आणि त्यांनी तिला उठवलं नाही.

लग्न आमच्याच दारात झालं. तळेगावची गाडी धरायला, स्टेशनावर न्यायला टांगा आला. आईने कुसुमला जवळ घेतलं, शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले. मीही वडिलांच्या जागी असल्यामुळे सांगायचं ते सांगितलं: सुखाने नांद, मोठ्यांचा मान राख, आपल्या घराचं नाव काढ. कुसुम सकाळपासून रडली नव्हती, तेव्हाही नाही रडली.

सखानाना गर्दीच्या मागे उभा होता. टांगेवाल्याने लगाम उचलला तसा तो घाईने पुढे आला.

"ताई, प्वार चांगला हाय, म्या सोता बगितलाय. पर तितं काय बी झालं, कवा बी झालं, तर माझं घर भट्टीपशी हाय. कडी नस्ती दाराला. इचारायचं न्हाई, का आलीस कुनी म्हननार न्हाई. सरळ यायचं."

मी तिचा सख्खा भाऊ, चार हातांवर उभा होतो. एवढं सगळं सांगितलं आणि हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. मी पुढे झालो, टांग्याचा दांडा धरला आणि म्हणालो, "आणि इथेही, कुसुम. विचारायचं नाही."

तिने आमच्या दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि मग मात्र ती रडली.